कळकलेला समुद्र

रविवार, १० नोव्हेंबर १९३५. वाळू धुतली.

वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. प्रत्यक्षात त्या कामात सगळी सकाळ गेली. मुंबईहून पाटीभर समुद्राची वाळू आणली होती, ती मी सज्ज्यात बसून धूत होते. दोन ओंजळी वाळू बादलीत टाकायची, पाणी ओतायचं, हातानं ढवळायचं, गढूळ पाणी मोरीत सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दहाव्या खेपेला पाणी दुधाच्या चहासारखं दिसत होतं, विसाव्या खेपेला बिनदुधाच्या. शेजारच्या दारात एक बाई उभी राहून हे सगळं बघत होती.

"नर्सबाई, तांदूळ इतके धुऊ नयेत. सत्त्व जातं."

"तांदूळ नाहीत, वाळू आहे."

"असं का? मग शिजायला वेळ लागेल."

तांबटाची बायको ती. मी तांबटांच्या वस्तीत एका दुमजली घराच्या माडीवर राहत होते आणि सज्ज्यावरची पलीकडची खोली त्यांची होती. खाली रस्त्यावर नवऱ्याचं दुकान. सकाळी सात ते दिवेलागण हातोडी चालायची. तीस वर्षं हंडे ठोकून नवरा ठार बहिरा झाला होता, त्यामुळे बायकोचा आवाज चढलेला असे. ती माझ्याच वयाची, अंगानं भरलेली. तिची एकुलती एक मुलगी निफाडला दिलेली होती. मी तिला वहिनी म्हणत असे. दोन वर्षांच्या शेजारात आमचं बोलणं नळ आला, नळ गेला याच्यापुढे सरकलं नव्हतं.

त्याला कारण मीही होते. मी बेचाळीस वर्षांची. लग्न झालं ते चौथ्या वर्षी प्लेगनं संपवलं. मग शिकले आणि नर्स झाले. गावातल्या एका दवाखान्यात बायकांच्या विभागात काम करायचे. दिवसभर इतक्या बायका इतकं बोलत की घरी आल्यावर गप्प बसणं हीच विश्रांती वाटे. पहिली काही वर्षं वाटे. मग एका पावसाळ्यात मला चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात गेल्यावर लक्षात आलं की चार दिवसांत मी एक शब्दही बोलले नव्हते. घसा बसल्यासारखा झाला होता. घरात काहीतरी जिवंत पाहिजे, असं मी तेव्हा ठरवलं. मांजर नको, मी दहा-दहा तास बाहेर असते. पोपट मला सहन होत नाही. माझं माहेर समुद्रकाठचं आहे. आईच्या मागे तिकडे जाणं उरलं नाही, पण ओहोटीला खडकांच्या खळग्यांत काय काय सापडतं ते मला पाठ होतं. म्हणून समुद्र. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. नाशिकला इतरांना वाटलं.

दर वर्षी दिवाळीची आठ दिवसांची रजा मी माहीमला मावसबहिणीकडे काढते. त्या वर्षी ती रजा मी थोडी उशिरा घेतली. फोर्टात पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती, घरात खाऱ्या पाण्याचे जीव कसे पाळावेत यावर. मुखपृष्ठ नव्हतं, पण आतली पानं बहुतेक शाबूत होती. तिच्यात लिहिलं होतं ते थोडक्यात असं: पाणी स्वच्छ समुद्राचं घ्या, जीव कमी ठेवा, पाण्याला लोखंड लागू देऊ नका आणि घाई करू नका. पुनवेच्या आधीच्या दोन पहाटे मी ओहोटीला खडकांवर गेले. लुगडं खोचून, हातात काचेची बरणी घेऊन. मावसबहिणीनं यायला नकार दिला. कोळणी मला हसत होत्या. मी दोन समुद्रफुलं त्यांच्या दगडासकट घेतली. एक तांबडं, एक हिरवट. फूल म्हणतात, पण तो प्राणी आहे. पाकळ्या म्हणजे त्याचे हात, आणि दांडा असतो तिथे पोट. शिवाय शंखात राहणारे चार खेकडे, थोड्या गोगलगायी, पाच-सहा पारदर्शक कोळंब्या, बोटाएवढे दोन मासे आणि हिरव्या शेवाळाचा एक पुंजका.

पाण्यासाठी दवाखान्यातून दोन मोठ्या रिकाम्या काचेच्या बुधल्या मागून घेतल्या होत्या, वेताच्या टोपलीत बसवलेल्या असतात तशा. डब्यात त्या चढवताना तिकीट तपासनीस थांबला.

"बाई, यात काय?"

"समुद्राचं पाणी."

"नाशकाहून लोक तीर्थ घेऊन येतात. तुम्ही पाणी घेऊन नाशकाला निघालात?"

"हो."

"मीठ तर नाही ना करायचं? नाहीतर सरकार तुमच्याबरोबर मलाही आत टाकेल."

त्यानं दोन्ही बुधल्यांचं तिकीट मात्र लावलं. नाशिकरोडहून टांग्यानं गावात येताना एक बुधली मांडीला टेकवून धरली आणि दुसरीला टांगेवाल्यानं लेकरासारखं कवेत घेतलं. त्याला वाटलं, आत औषध आहे.

पेटी मी आधीच मिळवून ठेवली होती. तार कचेरीतल्या जुन्या बॅटऱ्यांना जाड काचेच्या चौकोनी पेट्या असत. मोडीच्या बाजारात एक धड मिळाली. आत तेजाब असायचं, म्हणून धुण्याच्या सोड्यानं चार वेळा धुऊन आठवडाभर पाणी भरून ठेवली. तिच्यात दोन बादल्या पाणी मावे. वाळू धुऊन झाली तेव्हा ती दोन बोटं जाडीनं तळाशी पसरली, दगड ठेवले आणि एक बुधली हळूहळू ओतली. दुसरी अंधारात कोपऱ्यात राखून ठेवली.

मग मी दोन अवजारं काढली. दोन्ही माझ्या धंद्यातली, दोन्ही कोरी, हे मी वहिनींना तेव्हाच शपथेवर सांगितलं होतं आणि इथेही सांगते. एक म्हणजे लघवी तपासायची काचेची कांडी. तिच्या बुडाशी पारा असतो आणि वर आकडे. पाणी पातळ असलं तर ती खोल बुडते, दाट असलं तर वर राहते. समुद्राच्या पाण्यात ती कुठे थांबते ते मी माहीमलाच बघून ठेवलं होतं. त्या रेघेपासून पाणी हललं नाही पाहिजे. दुसरं म्हणजे एनिमाचा डबा. पांढरा, मुलामा दिलेला, खाली रबरी नळी. तो खुंटीला टांगायचा, पेटीतलं पाणी त्यात भरायचं आणि नळीचा चिमटा सैल करून थेंब थेंब परत पेटीत पाडायचं. म्हणजे पाण्यात हवा जाते. समुद्रात हे काम लाटा करतात.

"काय काय वापरताय हो हे," वहिनी दारातून म्हणाल्या. "जुलाब झालाय का समुद्राला?"

त्या दिवशी त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांच्यात मासळी खात नाहीत. पण गेल्याही नाहीत.

सुरुवात वाईट झाली. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि कोळंब्या मेल्या. चौथ्या दिवशी एक मासा उडी मारून बाहेर पडला. मी दवाखान्यातून आले तेव्हा खाटेखाली तो चिंचोक्यासारखा वाळून पडला होता. पेटीवर जाळीचं फडकं बांधलं, तरी दुसराही त्याच आठवड्यात कोपऱ्यातून गेला. मी वहीत लिहिलं: मासे नकोत. दहाव्या दिवशी पाणी आपोआप निवळलं. खेकडे शंख पाठीवर घेऊन वाळूत येरझाऱ्या घालू लागले आणि दोन्ही समुद्रफुलं पूर्ण उघडली.

तेव्हा वहिनी आत आल्या. नळावर मी सहज म्हटलं होतं की फुललंय. त्या पदराला हात पुसत आल्या आणि पेटीसमोर जमिनीवर बसल्या. मी नदीतल्या माशाचा तिळाएवढा तुकडा चिमट्यानं तांबड्या फुलाजवळ नेला. वहिनींनी तोंड फिरवलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. फुलानं तुकडा धरला, हात मिटले, गिळला.

"म्हणजे हे खातं."

"खातं."

"आणि टाकतं कुठून?"

"त्याच तोंडातून."

"आमच्या नणंदेसारखं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या रोज आल्या. हातोडी थांबली, दिवे लागले, नवऱ्याला वाढून झालं की यायच्या आणि दीडेक तास बसायच्या. समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. खूप विचारायच्या. लाट रात्री थांबते का? समुद्राला पलीकडचा काठ असतो का? एकदा विचारलं, "समुद्र म्हणजे नद्यांचं माहेर की सासर?"

"सासर."

"मग खारटच असायचा."

मी बोलत होते त्याहून त्याच जास्त बोलत. घरात त्यांचं बोलणं ऐकायला कोणी नव्हतं; नवऱ्याला खुणा करून करून हात दुखतात, म्हणायच्या. मी ऐकायचे. मला अवघड वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. दवाखान्यातून निघताना पायांना वेग येऊ लागला, हे मी स्वतः पाहिलं. पेटीकडे मी घाईनं जात नव्हते, तेवढं समजण्याइतकी मी शहाणी आहे. पण पेटी नसती तर ती बाई माझ्या खोलीत आली नसती, आणि पेटी गेली तर यायचं कारण जाईल, हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी ते जीव माझ्या एकाही रोग्याला जपलं नसेल इतकं जपत होते.

रोज पाणी बोटाच्या पेरानं कमी व्हायचं. कांडी सांगायची, उरलेलं पाणी दाट झालंय. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. मी उकळून निवलेलं पाणी घालताना वहिनी म्हणाल्या, "मग गंगेचं घाला की. नाहीतरी गंगा समुद्राला मिळतेच." नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. मी नको म्हटलं. गढूळ असतं.

कार्तिकातल्या अमावास्येला त्या ताम्हन घेऊन आल्या. ताम्हनात हळदकुंकू, झेंडू, थोड्या अक्षता.

"हे काय?"

"सागर घरात आलाय आणि त्याला दोन फुलंसुद्धा वाहायची नाहीत? अमावास्येला लोक कुठून कुठून जातात समुद्राला."

"वहिनी, यातलं काही आत टाकायचं नाही. फुलं कुजतात, तांदूळ कुजतात. पाणी नासेल."

"बरं. मग एखादा खिळा, टाचणी, नाणं..."

"लोखंड अजिबात नको. गंजतं." मी कामात होते, डबा भरत होते. मागे न बघता म्हटलं, "कुजणारं काही नको आणि गंजणारं काही नको. एवढं पाळा."

"पाळते," त्या म्हणाल्या. ताम्हन त्यांनी परत नेलं. मला वाटलं, विषय संपला.

मार्गशीर्ष लागला आणि थंडी पडली. नाशकातली थंडी कोरडी असते, ओठ फुटतात. साधारण तेव्हाच एक खेकडा शंखातून बाहेर पडून मेला. शंखातला खेकडा आपण होऊन शंख सोडत नाही. मग गोगलगायी काचेवरून खाली पडू लागल्या. हिरवट फूल मिटलं ते उघडेना. कांडी लावली, पाणी रेघेवर होतं. वास नव्हता. रंग स्वच्छ, इतका की तळाचा कण न् कण दिसत होता. मी ठरवलं, थंडी. पेटीला घोंगडी गुंडाळली. वहिनींनी स्वतःची गोधडी आणून वरून घातली आणि त्या सबंध संध्याकाळी कुडकुडत बसल्या.

"बाळंतिणीला ठेवतात तसं ठेवलंय आता. जगेल."

राखून ठेवलेल्या बुधलीतलं अर्धं पाणी मी बदलून घातलं. दोन दिवस बरं दिसलं. तांबडं फूल थोडं उघडलं, एक खेकडा चालला. वहिनींनी निफाडच्या मुलीच्या पत्रात लिहवून घेतलं की फूल बरं आहे. पत्र मीच लिहून देत होते, म्हणून मला माहीत. मग सोमवार गेला आणि मंगळवारी पुन्हा सगळं आखडलं. त्या आठवड्यात तिन्ही खेकडे गेले.

पुढच्या रविवारी दुपारी मी सगळं बाहेर काढायचं ठरवलं. हिरवट फूल मेलं होतं. हाताला शेंबडासारखं लागलं. ते फेकलं. तांबडं अजून दगडाला धरून होतं, आक्रसून सुपारीएवढं झालेलं. त्याचा दगड उचलून बरणीत राखीव पाण्यात ठेवला. मग तळाची वाळू चाळायला हात घातला आणि बोटांना काहीतरी गोल, चपटं लागलं. एक निघालं, मग आणखी. हंड्याच्या पत्र्यातून कापून उरतात तशा तांब्याच्या चकत्या, रुपयापेक्षा लहान. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. वरची बाजू झळझळीत, खालची हिरवी.

तशी निळी-हिरवी झाक मी कामावर रोज बघत होते. दवाखान्यात खुपऱ्या झालेल्या डोळ्यांना आम्ही मोरचूद लावायचो, आणि विहिरीत शेवाळ झालं तर तोच टाकत. तो तांब्यापासून होतो आणि बारीक जिवांना मारतो. चकत्या कोणी टाकल्या हे विचारायची गरज नव्हती. का टाकल्या हेही कळलं. कुजणारं नको, गंजणारं नको. तांबं कुजत नाही. तांबं गंजत नाही. वर तांब्यानं पाणी शुद्ध होतं. त्यावर तर त्यांचं घर चालतं.

मी चकत्या टॉवेलावर मांडून खाटेवर बसले. करण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या. थंडीनं मेले म्हणून सांगायचं. मग पुन्हा पाणी आणता येणार नाही, कारण आणलं की त्या पुन्हा श्रद्धेनं चकती टाकणार. पाणी नाही तर पेटी नाही, आणि पेटी नाही तर संध्याकाळी कोणी येणार नाही. नाहीतर खरं सांगायचं, आणि मग त्या शरमेनं येणार नाहीत. हिशेब दोन्हीकडून एकच येत होता. असं असलं की मी खरं सांगते. रोग्यांनाही तेच करते. तो माझा गुण आहे की नुसती सवय, मला माहीत नाही.

दिवे लागल्यावर त्या आल्या. रिकामी पेटी पाहून दारातच थांबल्या.

"काय झालं?"

मी टॉवेल पुढे केला. "वहिनी, ह्या तुमच्या?"

त्यांनी पाहिलं आणि चेहरा उजळला, हे मला सांगितलं पाहिजे. "दर सोमवारी एक वाहिली. आमच्या ह्यांनी कडा घासून दिल्या, जिवांना लागू नयेत म्हणून. तुम्ही डबा भरायला वळलात की सोडायची आणि वाळूत दाबून टाकायची. तुम्हाला कळलं असतं तर हसला असता." मग म्हणाल्या, "तुमचं बिऱ्हाड भरलेलं राहू दे म्हणून वाहिल्या. एकट्या असता."

मी ते ऐकलं आणि तरी सांगितलं. दुसरा शब्द मिळाला असता तर बरं झालं असतं, पण मला तोच सुचला.

"ताक पितळेत ठेवलं तर काय होतं?"

"बिनकल्हईच्या? कळकतं."

"हे पाणी कळकलं."

तांबटाच्या बायकोला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. चिंच, ताक, लोणचं उघड्या तांब्यापितळेला लागू द्यायचं नाही, कळकतं आणि खाणाऱ्याला बाधतं, हे तिनं गिऱ्हाइकांना जन्मभर बजावलेलं असतं. शेजारणीच्या डाळीला हिरवट चव आली तर कोणाची कल्हई उडाली ते ती घरबसल्या सांगते. त्यांनी एक चकती उचलली, दिव्यापाशी नेली, हिरवी बाजू अंगठ्यानं घासली. मग अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मी मारले."

मी "हो" म्हटलं.

"तांबटाची बायको मी," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "लोक म्हणतील, हिला एवढंही कळलं नाही."

"लोकांना कोण सांगतंय?"

त्यांनी चकत्या एक एक करून पदरात घेतल्या आणि गेल्या. दार ओढून घेतलं, आपटलं नाही.

आठ दिवस त्या आल्या नाहीत. नळावर भेट होई. घागर भरली की पाठ फिरवायच्या. हसणं नाही, टोमणा नाही. संध्याकाळी हातोडी थांबली की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई, नवऱ्याला जेवायला हाक मारताना. मग तोही थांबे. मी पेटी धुऊन पालथी घातली. डबा पुसून ठेवला. वही उघडून लिहायला काही नसे. एके संध्याकाळी घड्याळ बंद पडलंय असं वाटून मी किल्ली दिली, तर स्प्रिंग भरलेलीच होती. वेळच पुढे जात नव्हता.

तांबडं फूल बरणीत खिडकीशी होतं. मी त्याचं पाणी बदलत होते, ते केवळ बुधलीत पाणी उरलं होतं म्हणून. नवव्या दिवशी दवाखान्यातून आले तेव्हा ते उघडलेलं दिसलं. पूर्ण नाही, हात आखूड, रंग फिका, एका बाजूला विरळ. पण उघडं. ते पुढे होळीपर्यंत जगलं. मी चप्पल काढली नव्हती तशीच सज्ज्यात गेले, तोंड उघडलं, आणि त्यांच्या दारासमोर थांबले. आत भांड्याचा आवाज येत होता. काय म्हणायचं? बघायला या? मी आजवर येणाऱ्या माणसाला नको म्हणत आले होते, किंवा कामानं बोलावत आले होते. नुसतं या म्हणायचं मला जमलं नाही. परत फिरले, स्वयंपाक केला, जेवले.

तरी झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं. त्या माझ्याकडे आल्या, आत बसल्या, गोधडी आणली, नवस केला. मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते. त्यांच्या खोलीत खिडकी कुठल्या अंगाला आहे ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवरची चादर आणि दोन लुगडी पाटीत घेतली आणि गंगेवर गेले. माझे कपडे घरी मोरीत धुऊन होतात. वहिनी रोज पहाटे तिथे असतात. गार वारा होता, पायऱ्या ओल्या. त्या नेहमीच्या दगडावर धुणं आपटत होत्या. मी शेजारच्या दगडावर पाटी ठेवली.

त्यांनी वर पाहिलं नाही. "नळ गेलाय का आज?"

"नाही."

मी चादर भिजवली, साबण लावला. पाण्यानं बोटं बधिर झाली. थोड्या वेळानं म्हटलं, "चूक माझीही आहे. कुजणारं नको, गंजणारं नको, एवढंच म्हणाले. तांबं म्हणायचं राहिलं. मला माहीत होतं, आणि म्हणायचं राहिलं."

त्या आपटत राहिल्या. दोन धोतरं झाली. "तुम्ही तर मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

चादर मी एकटीनं पिळते. एक टोक खुंटीला अडकवायचं आणि पीळ घालायचा, वर्षानुवर्षं तसंच करते. तिथे खुंटी नव्हती. मी टोक त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "हे जरा धरता?"

त्यांनी हात पदराला पुसले आणि धरलं. त्यांच्या हातात माझ्यापेक्षा जोर होता, चादर मला दोनदा सुटली. दवाखान्यात पोचायला मला त्या दिवशी उशीर झाला.